वाळीत टाकलेल्या घरातून

वाळीत टाकलं, हे कुणी दारात येऊन सांगत नाही. दवंडी पिटली जात नाही, नोटीस लागत नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हाला ते पालखीवरून कळलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी भोवनीला निघते, वाडीवाडीतून घरोघर फिरते. अंगण सारवून, रांगोळी घालून, नारळ आणि ओटीचं ताट घेऊन बायका उंबऱ्याशी उभ्या असतात. त्या वर्षी पालखी खालच्या घरी आली, तिथलं गाऱ्हाणं झालं, ढोल वाजला आणि पाखाडीनं ती थेट वरच्या घराकडे गेली. मधलं घर आमचं. सासूबाई ताट हातात धरून तशाच उभ्या होत्या. पालखीला खांदा दिलेल्यांत यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चुलतभाऊ होता. त्यानं आमच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आमचं घर आहे, कलमं आहेत, नात्याची माणसं आहेत. ज्यांनी तेव्हा तोंड फिरवलं त्यांच्या मुलाबाळांना या लिखाणाचा त्रास व्हावा, अशी माझी इच्छा नाही. पण जे झालं ते सांगितलं पाहिजे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत गावकीनं, म्हणजे गावाच्या पारंपरिक बैठकीनं, वाळीत टाकल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत, आणि ज्या घरावर ही वेळ येते त्या घरातल्या माणसांना सुरुवातीचे महिने काय करावं हेच सुचत नाही. आम्हाला जे हळूहळू समजत गेलं ते त्यांना आधीच समजावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं कारण ऐकलं तर कुणालाही खरं वाटणार नाही. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे, पोस्टातून निवृत्त झाले होते. एक-एक रुपयाची पावती लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावात वर्गणी झाली होती, मुंबईच्या मंडळानं चाकरमान्यांकडून बरीच रक्कम जमवली होती. गावकीच्या बैठकीत आबांनी विचारलं, "जमा किती, खर्च किती, वही वाचून दाखवा." बैठकीत आरडाओरडा झाला. पुढच्या बैठकीत ठरलं की आबांनी गावाचा अपमान केला, तेव्हा त्यांनी दंड भरावा आणि देवळात नारळ ठेवून माफी मागावी. आबांनी दोन्ही नाकारलं. "हिशेब विचारणं हा गुन्हा असेल तर तसं लिहून द्या," म्हणाले. लिहून कुणी दिलं नाही. शिमगा तोंडावर आला होता.

दुसऱ्या घरांची कारणं दुसरी असतात. कुणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीनं ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरतो. कुणाची मुलगी जातीबाहेर लग्न करते. कुणी सामायिक जमिनीचा वाद भावकीत न मिटवता कोर्टात नेतो, कुणी उत्सवाची वर्गणी देत नाही. कारण काहीही असो, गावकीचा राग एकाच गोष्टीचा असतो: तिचा शब्द शेवटचा आहे हे या घरानं मानलं नाही.

मग एकेक व्यवहार तुटत गेला. वाडीतल्या दुकानात साखर 'संपलेली' असायची, मागे पोतं दिसत असताना. गिरणीवर आमचा डबा तसाच राहायचा. लावणीला आमच्याकडे एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे. त्या पावसाळ्यात आमच्या चिखलात घरचीच माणसं होती, तरव्याचे दिवस उलटून गेले आणि अर्धं शेत पड राहिलं. गणपतीत वाडीतली आरती घरोघर फिरते, ती आमच्या घरावरून पुढे गेली. धाकटा मुलगा तेव्हा चौथीत होता. शाळेच्या वनभोजनात त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही आणि त्यानं डबा न उघडता घरी आणला. मुलांना कुणी शिकवलं नव्हतं असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. मुलं घरातलं बोलणं ऐकतात.

हे सगळं सोसता येतं. जे सोसलं नाही ते सांगते.

सासूबाई श्रावणात गेल्या. आमच्याकडे मयत झालं की वाडीतल्या माणसांना बोलवावं लागत नाही. कुणी बांबू तोडायला जातो, कुणी लाकडं काढतो, बायका पाणी तापवायला घेतात, घरच्यांनी नुसतं बसायचं असतं. त्या दिवशी कुणी आलं नाही. समोरच्या घराची दारं लावलेली होती आणि आत माणसं होती. माझं माहेर देवरुखकडे. भाऊ आणि त्याचे मित्र पावसातून येऊन पोचले तेव्हा दुपार उलटून गेली होती. स्मशानाजवळच्या शेडमध्ये गावाची लाकडं रचलेली असतात. त्यांना हात लावू नका, असा निरोप घेऊन एक मुलगा आला. लाकडं बाजारातून टेम्पोनं आणावी लागली. सासूबाईंना खांदा दिला तो परगावच्या पोरांनी, ज्यांनी त्यांना जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. वाडीतल्या निम्म्या बाळंतिणींना ज्या बाईनं शेकलं, न्हाऊ घातलं, तिच्या मागे वाडीतलं एक माणूस चाललं नाही.

रात्री उशिरा शेजारच्या काकू मागच्या दारानं आल्या. खूप रडल्या. म्हणाल्या, "बाय, रागावू नको. आलो असतो तर उद्या आमच्या घरावर…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्याशी बोलेल, आमच्याकडे जाईल-येईल त्यालाही तेवढाच दंड, असं बैठकीत ठरलं होतं, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

वाळीत टाकण्याचं सगळं बळ तिथे आहे. शिक्षा एका घराला असते आणि धाक बाकीच्या सगळ्या घरांना असतो. वाळीत पडलेल्या माणसाला हे लवकर समजलं तर त्याचं पुढचं वागणं बदलतं.

आपल्या जिल्ह्यात हे किती जुनं आहे बघा. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. गावातल्या शाळेसाठी, गावाच्या कामांसाठी पैसा उभा राहावा म्हणून मुंबईत राहून 'मुरूड फंड' काढणारा हा माणूस. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या. लग्नानंतर नवराबायको मुरूडला गेले तेव्हा गावानं सभा भरवून ठराव केले. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कुणी बसू नये. ज्या सभेत कर्वे असतील ती सभा होऊ नये. आणि तिसरा ठराव: कर्वे गावात आले असता नातेवाइकांनी त्यांना घरात ठेवून घेतलं, तर त्या नातेवाइकांवरही बहिष्कार.

तिसरा ठराव नीट वाचावा. पहिले दोन कर्व्यांसाठी होते. तिसरा त्यांच्या घरच्यांसाठी, ज्यांनी कोणताही 'अपराध' केला नव्हता. तो नसता तर पहिले दोन चार दिवसांत विरून गेले असते, कारण आपलं माणूस दारात आल्यावर त्याला बाहेर ठेवणं कुणालाच जमत नाही. ते जमावं म्हणून तिसरा ठराव. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केलं, १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आज मुरूडला जाणारे लोक त्यांचं नाव अभिमानानं घेतात. पण आमच्या गावच्या बैठकीत जे ठरलं ते मुरूडच्या तिसऱ्या ठरावाहून वेगळं नव्हतं, आणि मध्ये सव्वाशे वर्षं गेली होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं: जे घाबरून बोलत नाहीत त्यांना शत्रू धरू नका. हे फार कठीण आहे. यांचा चुलतभाऊ रस्त्यात भेटला की यांचा हात शिवशिवायचा. आबांनी घरात ताकीद दिली होती की कुणाला शिवी द्यायची नाही, कुणाच्या दारात जाऊन तोंड टाकायचं नाही. एक शिवी दिली की दुसऱ्या दिवशी गावाकडे सांगायला कारण तयार होतं, आणि पोलिसांत उलटी तक्रार तुमच्यावर जाते. जे रात्री मागच्या दारानं येतात त्यांना चहा द्या, त्यांचं नाव बाहेर घेऊ नका, 'दिवसा का येत नाही' असं विचारू नका. न विचारता कुणाचं नाव साक्षीदार म्हणून लिहू नका. आमच्या प्रकरणात पुढे जबाब द्यायला जी पहिली व्यक्ती उभी राहिली ती त्याच काकू. आम्ही त्यांना कधी गळ घातली नव्हती.

दुसरं, लिहायला लागा. वाळीत टाकण्याचा कागद कुठेच नसतो. उद्या विचारलं तर प्रत्येक जण म्हणणार, "आम्ही कुठे काय केलं? आम्हाला बोलायचं नाही, आमची मर्जी." एकट्या दुकानदाराचं साखर न देणं हा गुन्हा वाटत नाही. दुकान, गिरण, पालखी, शेत, शाळा, स्मशान हे सगळं एका तारखेनंतर एकदम बंद झालं, हे दाखवता आलं की ते ठरवून केलेलं आहे हे दिसतं. आबांनी पालखी वळली त्याच संध्याकाळी वहीत तारीख घालून लिहिलं: कुठे, किती वाजता, कोण होतं, कोण काय बोललं, त्याच शब्दांत. मनातलं दुःख त्यात नव्हतं, फक्त घडलेलं. पोलिसांनी जबाब घेताना आणि वकिलांनी वाचताना त्या वहीचा जो उपयोग झाला तो आमच्या कुठल्याच बोलण्याचा झाला नाही.

जे कागदावर आणता येईल ते आणा. गावकीला साधं पत्र लिहून विचारा की अमुक तारखेच्या बैठकीत आमच्याबद्दल काय ठरलं ते लेखी कळवावं. उत्तर येणार नाही. पत्र पाठवल्याची पावती मात्र तुमच्याकडे राहील. पाणी, रस्ता, स्मशान या सोयी ग्रामपंचायतीच्या असतात, गावकीच्या नव्हे. त्या अडवल्या तर ग्रामपंचायत कार्यालयात लेखी अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. देवस्थान नोंदणी झालेलं असेल तर त्याचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात, तिथे ते मागता येतात. आबांनी अखेर तेच केलं.

आणि मोबाइल. हल्ली ठराव पारावर जेवढे होतात तेवढेच व्हॉट्सअॅपवर होतात. आमच्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर एकानं स्पष्ट लिहिलं होतं की अमुक घराशी कुणी संबंध ठेवू नयेत, ठेवल्यास गाव जबाबदार नाही. मुंबईत राहणाऱ्या एका भाच्यानं तो मजकूर आम्हाला दाखवला. तोच आमचा सगळ्यांत मोठा पुरावा ठरला. असा संदेश मिळाला तर नुसता फोटो काढून भागत नाही. ज्या फोनवर तो आला तो फोन जपून ठेवा, संदेश पुसू नका, फोन बदलू नका.

तिसरं, माफीपत्रावर सही करू नका. माझ्या माहितीतल्या, संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरानं मुलीच्या लग्नात विघ्न नको म्हणून दंड भरला आणि एका कागदावर सह्या दिल्या. दंडाची पावती मिळाली नाही. कागदावर मात्र 'आमच्याकडून गावाचा अवमान झाला' असं लिहिलेलं होतं, आणि पुढे त्यांच्याशी पुन्हा खटका उडाला तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे धरला गेला. त्या घराला मी दोष देत नाही. मांडव घालायला माणूस मिळेना तेव्हा आईबापांवर काय येतं, ते मला माहीत आहे. पण ज्यांच्याकडे असा कागद सहीसाठी आला असेल त्यांनी आधी वकिलाला दाखवावा.

आता कायदा. मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकाला माहीत हवं.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. 'महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६'. विधिमंडळानं तो एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बहिष्कारासाठी बैठक बोलावणं, त्या बैठकीत भाग घेणं, बहिष्कारासाठी चिथावणी देणं, हेही गुन्हेच. अंत्यविधी किंवा लग्न अडवणं, सण-उत्सवात भाग घेऊ न देणं, सार्वजनिक सोयी वापरू न देणं, संबंध किंवा व्यवहार तोडायला लावणं, हे सगळं त्यात येतं. पीडित माणूस किंवा त्याच्या घरातलं कुणीही पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकतं. अशी बैठक होणार आहे हे आधी कळलं तर जिल्हाधिकारी ती रोखण्याचा आदेश देऊ शकतात. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असंही कायद्यात आहे.

पीडित घर अनुसूचित जाती किंवा जमातीचं असेल आणि बहिष्कार टाकणारे त्यांच्याबाहेरचे असतील तर अॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा लागतो. २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा त्यात वेगळा गुन्हा म्हणून नमूद झाला आहे. तक्रार लिहितानाच हे सांगायला विसरू नये.

हा कायदा यायला फार काळ लागला, आणि त्याची मागणी ज्यांनी फार आधी स्पष्ट शब्दांत केली त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आंबडवे इथे आहे. १९३० साली गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादुर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांसाठी संरक्षणांची जी योजना मांडली, तीत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे त्यांनी कलमंसुद्धा लिहून दिली होती. मारहाणीपेक्षा बहिष्काराची भीती माणसाला जास्त दाबून ठेवते, हे ते जाणत होते. म्हणून बहिष्कार टाकण्याबरोबरच त्याची चिथावणी आणि धमकी हेही गुन्हे ठरावेत असा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई प्रांतानं समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली तो रद्द ठरवला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं वाळीत पडलेल्या घरांना वेगळा कायदा नव्हता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मूठमाती अभियान चालवलं, रायगड-रत्नागिरीतली प्रकरणं वर्तमानपत्रांत येत राहिली, तेव्हा कुठे २०१६ उजाडलं.

कायदा असला तरी पहिल्या फेरीत काम होईल अशी अपेक्षा धरू नका. आम्हाला पहिल्यांदा ऐकायला मिळालं, "गावातलं प्रकरण गावात मिटवा. तुम्हाला तिथेच राहायचंय ना?" असं म्हणणारा माणूस वाईटच असतो असं नाही, त्याला वाटतं तो तुमचं भलं करतो आहे. वाद घालू नका. लेखी तक्रार द्या, तीत बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचं नाव आणि वर्ष लिहा, पोच मागा. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तसा अधिकार तुम्हाला आहे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. आमच्याकडे तक्रार माझ्या नावानं गेली ती याच कारणानं.

गुन्हा नोंदवला गेल्यावर काय बदललं? माणसांची मनं बदलली नाहीत, हिशेब बदलला. आमच्याशी बोललं तर दंड, ही एक भीती होती. आता न बोलण्याचा ठराव केला तर कोर्ट, ही दुसरी आली. दुकानात साखर मिळायला लागली. बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं बोलणारे दोघे-तिघे 'आपण त्या दिवशी गावात नव्हतोच' असं सांगू लागले. पुढे न्यायालयाच्या परवानगीनं तडजोड झाली. ती पीडिताची संमती असेल तरच होते. आबांच्या अटी दोनच होत्या: कुणावरही असा बहिष्कार टाकला जाणार नाही हे गावकीनं वहीत लिहावं, आणि जीर्णोद्धाराचा हिशेब बैठकीत वाचावा. दोन्ही झालं. आता पालखी आमच्या दारात येते. सासूबाईंनी ते पाहिलं नाही.

घराच्या आतलंही सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. गाव बोलायचं थांबलं की घरातली माणसं एकमेकांवर घसरतात. हे एकदा आबांना म्हणाले, "एक नारळ ठेवला असता तर काय बिघडत होतं?" त्यावर बरेच दिवस बापलेक धड बोलत नव्हते. सासूबाईंच्या मनानं घेतलं होतं की देवीच आपल्यावर कोपली आहे. गुरवाच्या घरून कुणाच्या तरी हाती अंगारा आला तेव्हा त्या पहिल्यांदा नीट जेवल्या. घरात जे श्रद्धाळू असेल त्याला हे कुणीतरी समजावलं पाहिजे की देव आणि गावकी एक नाही. मुलांपासून लपवू नका, ती जास्त घाबरतात. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सरळ सांगा आणि वर्गात मुलाला वेगळं पडू देऊ नये असं लेखी द्या. आमच्या मुलाच्या बाईंनी नंतर रोज डबा खाताना मुलांना गोल बसवायला सुरुवात केली आणि स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. कुणाला उपदेश केला नाही. मुलं महिन्याभरात विसरली.

गावाबाहेरची नाती तोडू नका. माहेर, नोकरीतली माणसं, तालुक्याच्या गावातले ओळखीचे, मुंबईचे नातेवाईक. लाजेनं आपण हे लपवतो आणि आणखी एकटे पडतो. माझ्या भावाला आम्ही आधीच सगळं सांगितलं होतं, म्हणून तो त्या पावसात माणसं घेऊन आला.

चाकरमान्यांना मला खास सांगायचं आहे. गावकीचा अर्धा जीव तुमच्या वर्गणीत आहे. गणपतीला, शिमग्याला गावी येता तेव्हा ज्या घरी गाव जात नाही त्या घरी जा. तुमचं दुकान गावात नाही, तुमचं शेत गावकीच्या माणसांवर अवलंबून नाही, तुमच्या मुलीचं लग्न गावकी अडवू शकत नाही. मंडळाच्या ग्रुपवर असा मजकूर आला तर 'हे बेकायदा आहे, काढून टाका' एवढं लिहा. आमच्या वेळी ग्रुपमधल्या एवढ्या माणसांपैकी दोघांनी जरी तसं लिहिलं असतं तरी सासूबाईंच्या मयताला वाडी आली असती, असं मला आजही वाटतं.

ज्या घरावर आज ही वेळ आली आहे त्यांनी आज रात्रीच तारीख घालून वहीची पहिली ओळ लिहावी. दंड भरू नये, सही करू नये, शिवी देऊ नये, तालुक्याला जाऊन लेखी तक्रार द्यावी. आणि त्या घराच्या शेजाऱ्यांनो, बाकी काही जमलं नाही तरी मयताला जा. तिथे जाणाऱ्याला दंड करण्याची धमकी देणं हाही गुन्हा आहे, आणि तुमच्यावर तशी वेळ आली तर तक्रार करण्याचा हक्क तुम्हालाही आहे.